आइसमेकरची पाण्याची नळी गोठते तेव्हा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फ्रीझर व्यवस्थित गार आहे, पण बर्फ पडायचा बंद झालाय, अशा तक्रारींत बहुतेक वेळा आइसमेकर निर्दोष असतो. साच्यात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फाचा बोळा बसलेला असतो आणि पाणी पुढे येतच नाही. हा बोळा वितळवणं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. पण तेवढ्यावर थांबलात तर तो परत बसतो, कधी दोन दिवसांत, कधी दोन आठवड्यांत. नळी एरवी रिकामी असायला हवी. तिच्यात गोठण्याइतकं पाणी राहिलंच कसं, हे शोधलं तरच दुरुस्ती टिकते. म्हणून या पत्रकात वितळवण्यापेक्षा कारण शोधण्याला जास्त जागा दिली आहे.

नळी का गोठते

भिंतीवरच्या नळापासून पाव इंची (सुमारे 6 मि.मी.) लाइन फिल्टरमधून फ्रीजच्या मागच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत (विजेवर उघडणाऱ्या झडपेपर्यंत) येते. तिथून एक नळी वर चढते, फ्रीझरच्या मागच्या भिंतीतून आत शिरते आणि उतरती होऊन आइसमेकरच्या साच्यावर संपते. पाणी हवं असेल तेव्हा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो, साधारण 100 ते 140 मि.लि. पाणी सोडतो आणि बंद होतो. आतल्या उतरत्या तुकड्यातलं पाणी लगेच साच्यात निथळतं. मागच्या उभ्या नळीत पाणी राहिलं तरी ती खोलीच्या तापमानात असते, त्यामुळे तिथे गोठण्याचा प्रश्न नसतो.

व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही की गडबड सुरू होते. एकदम वाहणारं पाणी वेगाने निघून जातं, त्याला गोठायला वेळ मिळत नाही. ठिबकणारा थेंब मात्र नळीतून रेंगाळत येतो आणि उणे 18 अंशांत तोंडाशीच थिजतो. मेणबत्तीचं मेण ओघळून थरावर थर चढावेत तसे हे थर चढतात. आधी बर्फाचे तुकडे लहान होतात, मग एक दिवस पाणी पूर्ण अडतं.

व्हॉल्व्ह का मिटत नाही? एक कारण म्हणजे रबरी पडद्याखाली अडकलेला वाळूचा किंवा क्षाराचा कण. दुसरं कारण अनेकांना उलटं वाटतं: पाण्याचा दाब कमी असणं. दाब कमी तर गळती कमी, असा आपला अंदाज असतो. पण हा व्हॉल्व्ह वीज बंद झाल्यावर नुसत्या स्प्रिंगवर मिटत नाही. पडद्यामागे साठलेल्या पाण्याचा दाब त्याला बैठकीवर घट्ट दाबून धरतो. दाब अपुरा असेल तर पडदा सैल टेकतो आणि पाणी झिरपत राहतं. म्हणूनच नवा व्हॉल्व्ह बसवूनही काही घरांत तीच तक्रार परत येते.

आधी एवढं पाहा

आइसमेकरची तार किंवा पट्टी वर उचललेली तर नाही ना? भांडं काढताना ती वर राहून जाते आणि यंत्र थांबतं. बटणाचा स्विच चालू आहे का? फ्रीझरचं तापमान उणे 10 अंशांच्या वर असेल तर साच्यातलं पाणी गोठलं तरी यंत्र तुकडे बाहेर टाकत नाही. अशा वेळी साचा भरलेला दिसतो, नळीचा दोष नसतो.

साचा रिकामा आणि कोरडा असेल तर नळीकडे वळा. नळीच्या तोंडाला बर्फाची शेंडी लोंबतेय, भांड्यातले तुकडे एकमेकांना चिकटून ढेप झालीय किंवा आइसमेकरखाली बर्फाचा पत्रा साचलाय, यांपैकी काहीही दिसलं तर थेंबथेंब गळती जवळपास नक्की समजा. बर्फही नाही आणि फ्रीजच्या दरवाज्यातल्या नळालाही पाणी नाही, असं असेल तर आधी भिंतीवरचा नळ आणि फिल्टर तपासा.

बोळा वितळवणं

प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण व्हॉल्व्ह आणि आइसमेकर दोन्हींना घरातली थेट वीज जाते. भिंतीवरचा पाण्याचा नळ बंद करा, बर्फाचं भांडं बाहेर काढा आणि खाली जाड टॉवेल पसरा.

काही मॉडेलांत आत जाणारी नळी मागच्या बाजूने क्लिप काढून ओढून घेता येते. तशी निघाली तर कोमट पाण्याच्या धारेखाली धरा, मिनिटभरात मोकळी होते. निघत नसेल तर 20 मि.लि.ची सुई नसलेली सिरिंज घ्या, तिला बारीक मऊ नळी जोडा आणि गरम पाणी बोळ्यावर थोडं थोडं सोडा. पाणी 50 ते 60 अंशांचं पुरतं. उकळतं पाणी नको, गारठलेलं प्लास्टिक त्याने तडकतं. परत येणारं पाणी टॉवेलवर टिपत राहा, नाहीतर ते फ्रीझरच्या तळाशी गोठून नवा पत्रा तयार होतो.

हेअर ड्रायर वापरायचा असेल तर पाणी आधी पूर्ण टिपून घ्या, सर्वांत कमी उष्णतेवर ठेवा, 15 ते 20 सें.मी. लांब धरा आणि हलवत राहा. एका जागी धरला की आतलं अस्तर वाकतं. सुरी, स्क्रूड्रायव्हर, तार यांतलं काहीही नळीत घालू नका. नळीला पडलेलं छिद्र बाहेरून दिसत नाही आणि पाणी भिंतीतल्या इन्सुलेशनमध्ये मुरत राहतं. तो बिघाड मूळ बिघाडापेक्षा फार मोठा असतो.

नळी मोकळी झाली की सिरिंजने सोडलेलं पाणी न रेंगाळता साच्यात पडतं. साच्यात जमलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. पण प्लग इतक्यात लावू नका.

टिश्यूची चाचणी

या पत्रकातली सर्वांत मोलाची गोष्ट ही. नळीचं तोंड कोरडं पुसा आणि आत उरलेले थेंब निथळायला दहा मिनिटं द्या. मग टिश्यू पेपरची घट्ट वळी करून तोंडाशी अशी टेकवा की आलेला थेंब तिच्यावरच पडेल. आता फक्त पाण्याचा नळ उघडा, वीज बंदच राहू द्या. फ्रीझरचं दार लावून अर्धा तास थांबा.

वीज नसताना व्हॉल्व्ह उघडण्याचा आदेश कोणीही देऊ शकत नाही. तरीही टिश्यू ओली झाली किंवा तिच्यावर बर्फाचा मणी दिसला, तर व्हॉल्व्ह गळतोय. टिश्यू कोरडी राहिली तर व्हॉल्व्ह बहुधा ठीक आहे. बहुधा म्हणतो, कारण काही व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नाही, अधूनमधूनच अर्धवट मिटतात. म्हणून फ्रीज सुरू केल्यावर 24 तासांनी नळीचं तोंड टॉर्च लावून पुन्हा पाहा. बर्फाचा पातळ कडा दिसला तरी तो पुढच्या बोळ्याची सुरुवात आहे.

पाण्याचा दाब

पीएसआय हे दाब मोजायचं एकक. बहुतेक फ्रीजना किमान 20 ते 40 पीएसआय दाब लागतो (नेमका आकडा पुस्तिकेत असतो), आणि कमाल मर्यादा साधारण 120 पीएसआय असते. दरवाज्यात पाण्याचा नळ असेल तर घरगुती चाचणी सोपी आहे: 180 मि.लि.चा ग्लास सुमारे 10 सेकंदांत भरायला हवा. जास्त वेळ लागला तर फिल्टर काढून त्याच्या जागी बायपासची टोपी (पाणी फिल्टरशिवाय पुढे जाऊ देणारी) लावा आणि पुन्हा मोजा. वेळ एकदम घटला तर फिल्टर तुंबलाय. तो साधारण सहा महिन्यांनी बदलावा. पाणी गढूळ असेल तर त्याआधी. नवा फिल्टर बसवल्यावर 8 ते 10 लिटर पाणी सलग काढून टाका. लाइनमध्ये हवा अडकून राहिली तर ती दबते, फुगते आणि व्हॉल्व्ह मिटल्यावरही पाणी ढकलत राहते. फिल्टर बदलल्यानंतर लगेच नळी गोठायला लागली, तर आधी हेच करा.

पाणी फक्त उंचावरच्या टाकीतून येत असेल तर हिशेब असा: दर मीटर उंचीला साधारण 1.4 पीएसआय. टाकी फ्रीजपेक्षा 3 मीटर वर असेल तर मिळणारा दाब जेमतेम 4 पीएसआय. 20 पीएसआयसाठी सुमारे 14 मीटर उंची लागते. अशा ठिकाणी दाब वाढवणारा छोटा पंप लावल्याशिवाय आइसमेकर नीट चालणार नाही, कितीही व्हॉल्व्ह बदलले तरी.

आरओ शुद्धीकरण यंत्रावर फ्रीज जोडला असेल तर दाब सतत बदलतो. टाकी भरलेली असताना सगळं ठीक चालतं, दोन-चार भांडी पाणी काढलं की दाब उतरतो. आमचा सल्ला: आरओची टाकी पूर्ण रिकामी करून तिच्यातला हवेचा दाब मोजा. तो साधारण 7 पीएसआय हवा, कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. फ्रीजमध्ये वेगळा फिल्टरही असेल तर आरओनंतर त्याची गरज नसते, बायपास टोपी लावा. एवढं करूनही दाब पुरत नसेल तर पंप हाच उपाय.

पाइपला टोचून बसवलेला छोटा व्हॉल्व्ह असेल तर तो काढून पाव वळणात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. टोचलेलं छिद्र मुळात बारीक असतं आणि क्षाराने ते आणखी आक्रसतं. फ्रीज मागे सरकवताना लाइन मुडपली नाही ना, तेही पाहा.

व्हॉल्व्ह चांगला, दाब चांगला, तरी नळी गोठते

मग उताराकडे पाहा. नळी मध्येच झोळ पडून वाकली असेल तर त्या खोलगट भागात प्रत्येक वेळी चमचाभर पाणी राहतं. नळी साच्यावरच्या पेल्यात नीट टेकलेली आणि आइसमेकरकडे उतरती हवी. मोठ्या सामानाच्या धक्क्याने ती सरकते.

फ्रीझर उणे 18 अंशांवर ठेवा. उणे 22 किंवा त्याहून खाली ठेवल्याने बर्फ फारसा लवकर होत नाही, नळी मात्र लवकर गोठते. पंख्याची गार हवा थेट नळीवर येतेय का, दाराचं रबर कुठे उघडं राहतंय का, हेही तपासा. रबरातून शिरलेली दमट हवा नळीच्या तोंडावर हिम धरते.

काही मॉडेलांत नळीभोवती छोटा हीटर असतो. तो तुटला तर दोष वरवर अगदी व्हॉल्व्हसारखाच दिसतो. प्लग काढून मल्टिमीटरने सर्किट जोडलेलं आहे का ते पाहता येतं. ज्या मॉडेलांत हीटर नाही, त्यांपैकी काहींसाठी तो वेगळा मिळतो. पण गळका व्हॉल्व्ह झाकायला हीटर लावू नका. मग पाणी न गोठता साच्यात पडत राहील आणि खालच्या भांड्यात ओतेल.

व्हॉल्व्ह बदलताना

त्याच मॉडेल क्रमांकाचा घ्या. दिसायला सारखा पण जास्त प्रवाहाचा व्हॉल्व्ह तेवढ्याच सेकंदांत जास्त पाणी सोडतो आणि साचा उतू जातो. वायर काढण्याआधी फोटो काढा. नळीचं टोक धारदार पात्याने काटकोनात कापा, तिरकं कापलेलं टोक जोडात गळतं. जोडून झाल्यावर नळ उघडून अर्धा तास जोड कोरडे राहतात का पाहा, मगच फ्रीज मागे सरकवा. जुन्या व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी वाळूने भरलेली दिसली तर नुसती जाळी धुऊन तोच व्हॉल्व्ह परत बसवू नका. बारीक कण आधीच आत पोचलेले असतात.

सगळं जोडल्यावर पहिला बर्फ पडायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. पहिले दोन-तीन घाणे टाकून द्या.

बर्फ पडतो, पण दरवाज्याच्या नळाला पाणी नाही

ही वेगळी नळी. शेजारी-शेजारी दारांच्या फ्रीजमध्ये ती फ्रीझरच्या दारातून जाते आणि पाणी बरेच दिवस काढलं नाही की आत गोठते. फ्रीज बंद करून फ्रीझरचं दार काही तास उघडं ठेवलं, की ती सुटते. आतले पदार्थ आधी दुसरीकडे हलवा. नंतर फ्रीझर उणे 18 वर आणा आणि रोज एखादा ग्लास तरी पाणी काढत जा. तरीही पुन्हा गोठली तर दारातल्या इन्सुलेशनमध्ये गार हवा शिरतेय. ते काम आमच्यावर सोपवा.

आम्हाला फोन करताना

फ्रीजच्या आतल्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, टिश्यूच्या चाचणीचा निकाल, ग्लास भरायला लागलेले सेकंद, पाणी थेट लाइनचं, टाकीचं की आरओचं, आणि वितळवल्यानंतर किती दिवसांत नळी परत गोठली, एवढं सांगा. यावरून बहुतेक वेळा योग्य पार्ट पहिल्याच फेरीत सोबत आणता येतो.