जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२)

मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक, टाइपांचे (छपाईसाठी लागणाऱ्या धातूच्या अक्षरांचे) जाणकार आणि प्रकाशक. घरच्या गरिबीमुळे शिक्षण जेमतेमच झाले. लहान वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी टाइपांत सुधारणा करत होते. त्यांच्या हाताखाली जावजींची नजर तयार झाली. पुढे आणखी काही छापखान्यांत उमेदवारी करून त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला.

त्यांचे मोठेपण आधी अक्षरांत पाहावे. पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा मिश्रधातू ओतून खिळा काढायचा, अशी ही कला. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार धरून देवनागरीला असे शेकडो खिळे लागतात. एक जरी तिरका बसला तरी शिरोरेषा तुटते. कोरीव कामात जावजींना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी सहकारी लाभला. या जोडीच्या टाइपांइतकी ठसठशीत आणि डोळ्यांना सुखावणारी नागरी त्या काळी क्वचितच पाहायला मिळे.

काळबादेवीच्या कोळभाट गल्लीतल्या या छापखान्यातून पोथ्या, पंचांगे निघालीच; विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिकही १८८१ पासून तिथूनच निघू लागले. पण जावजींची खरी कामगिरी म्हणजे १८८६ मध्ये सुरू केलेली ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची माला. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांच्याकडे संपादन सोपवून हस्तलिखितांत अडकून पडलेले संस्कृत ग्रंथ त्यांनी दरमहा छापून बाहेर काढले. आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ हा काव्यशास्त्रावरचा ग्रंथ अभिनवगुप्ताच्या टीकेसह (म्हणजे अर्थ उलगडणाऱ्या विवेचनासह) १८९१ मध्ये याच मालेत प्रथम छापला गेला. या पुस्तकांची पाने नीट पाहण्यासारखी आहेत: वर मोठ्या टाइपात मूळ ग्रंथ, त्याखाली बारीक टाइपात टीका आणि तळाशी ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशा खुणांनी कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ (म्हणजे नेमके कोणते शब्द) आहे याची नोंद. स्वतः पंडित नसलेल्या माणसाने पंडितांना हवे तेच दिले: शुद्ध पाठ, स्वच्छ छपाई आणि बेताची किंमत. इतका खर्च आणि श्रम संस्कृत ग्रंथांवर लावणारा खासगी प्रकाशक त्या काळी विरळाच, म्हणून त्यांचे नाव संस्कृत विद्येच्या इतिहासातही घ्यायला हवे.

जावजींच्या पश्चात चिरंजीव तुकाराम जावजी यांनी व्यवसाय सांभाळला. भरताचे ‘नाट्यशास्त्र’ काव्यमालेत आले ते १८९४ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत. काव्यमालेतील अनेक ग्रंथांची पुनर्मुद्रणे पुढे निर्णयसागरच्या मूळ पानांची छायाचित्रे घेऊनच काढली गेली.