सिटकॉममधील मांजर

सिटकॉम म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका. तिच्या एखाद्या भागात मांजर बहुधा पाहुणे म्हणून येते. कथा त्याच्याभोवती फिरते, पण हसू येते ते त्याला घरी आणणाऱ्या माणसाचे. कुत्र्याला काही करून दाखवायला सांगता येते. मांजर नुसते उशीवर बसून राहिले तरी प्रसंग उभा राहतो.

याचा उत्तम नमुना ‘द बिग बँग थिअरी’च्या चौथ्या पर्वातील तिसरा भाग. तो ७ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेत प्रक्षेपित झाला. मैत्रीण एमीशी (मायिम बियालिक) बिनसल्यावर भौतिकशास्त्रज्ञ शेल्डन (जिम पार्सन्स) एकामागून एक मांजरे घरी आणू लागतो. अणुबॉम्ब प्रकल्पावर काम केलेल्या शास्त्रज्ञांची नावे तो त्यांना देतो: ओपेनहायमर, फर्मी, फाइनमन, टेलर, ऑटो फ्रिश. सहाव्याचे नाव मात्र झॅझल्स. सगळा भाग या एका नावात आहे. पाच नावे डोक्यातून आली, सहावे मायेने सुचले. आपल्याला दुःख झाले आहे हे शेल्डन कबूल करत नाही. घरातल्या मांजरांचा वाढता आकडा ते सांगतो. शेवटी शेल्डनची आई येऊन दोघांचे जुळवते आणि तो व एमी मिळून येणाऱ्या-जाणाऱ्यांना मांजर देतात, वर प्रत्येकी २० डॉलरही.

‘फ्रेंड्स’मध्येही हेच सूत्र दिसते. १९९९च्या एका भागात रेचेल हजार डॉलर मोजून केस नसलेले स्फिंक्स जातीचे मांजर आणते, कारण आजीकडे तसे होते. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते, तिला त्यात आजी दिसते.

स्टुडिओत दिव्यांचा झोत असतो, तीन-चार कॅमेरे असतात आणि समोर हसणारे प्रेक्षकही. अशा गोंगाटात मांजर बिथरते. म्हणून सारखी दिसणारी दोन-तीन मांजरे ठेवण्याची पद्धत आहे: एक शांत बसणारे, दुसरे ठरल्या जागी चालत जाणारे. शिकवणारा कॅमेऱ्यामागे उभा राहून ‘टक्’ असा आवाज करतो आणि लगेच घास देतो. काही दिवसांत आवाज आणि घास यांची गाठ पक्की बसते.

गोव्यातल्या घराला हे तंत्र शिकवावे लागत नाही. मासळीवाल्याच्या स्कूटरचा भोंपू वळणावर वाजला की कौलांवर झोपलेले मांजर कान टवकारते, आणि आदोळी (बसून चिरायची, खवायची विळी) जमिनीवर टेकल्याचा आवाज आला की ते स्वयंपाकघराच्या मागल्या दारात हजर होते. तारल्यांची डोकी आपल्यासाठीच आहेत याची त्याला खात्री असते. १ जून ते ३१ जुलै अशा ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत भोंपू कमी ऐकू येतो. तरी आदोळी वाजली की ते येतेच, मग नुसता नारळ खवायचा का असेना. थोडा वेळ बसून, वास घेऊन परत जाते. मांजराला शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्याने ही पाच मिनिटे पाहावीत.

भारतात चित्रीकरणासाठी प्राणी वापरायचा तर १९६०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील २००१चे नियम लागू होतात. त्यानुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि परवानगी घ्यावी लागते. एप्रिल २०२१मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रातील चित्रीकरण थांबल्यावर बऱ्याच मराठी मालिका गोव्यात आल्या आणि मे महिन्यात इथलीही परवानगी बंद झाली. अशा वेळी घर भाड्याने मिळाले, तरी त्या घरातल्या मांजराला भूमिका द्यायची तर हा कागद हवाच. तो असायलाच हवा, कारण दिव्यांखाली तासन्‌तास धरून ठेवलेल्या मांजराला तक्रार करता येत नाही. ते कान मागे पाडते, शेपटी आपटते, आणि हे ओळखणारे माणूस सेटवर असावे लागते.