पिकअप गेला? टर्बो उतरवण्याआधी आकडे बघा

ओव्हरटेक करताना किंवा लांब चढावर डिझेल एसयूव्ही अचानक ओढेनाशी होते. आरपीएम ३०००च्या आसपास अडकतो. इंजिन बंद करून परत चालू केलं की गाडी काही झालंच नाही अशी पळू लागते. असं होत असेल तर टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) मोडलेला असण्याची शक्यता कमीच. मोडलेली वस्तू किल्ली फिरवल्यावर दुरुस्त होत नाही. इथे इंजिनच्या ईसीएमला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) काहीतरी खटकलं आणि त्याने मुद्दाम ताकद कमी केली, यालाच लिंप मोड म्हणतात. त्याला नेमकं काय खटकलं, एवढंच शोधायचं असतं.

डिझेल इंजिनची ताकद ठरते किती डिझेल फवारलं त्यावर, पण किती फवारायचं हे हवा ठरवते. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. धूर होऊ नये म्हणून ईसीएम त्याहून बरीच जास्त हवा हाताशी ठेवतो. हवा कमी आहे असं दिसलं की तो डिझेल छाटतो. त्यामुळे ‘धूर नाही, म्हणजे हवेचा प्रॉब्लेम नाही’ हा गॅरेजमधला ठोकताळा फसवा आहे. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळून कमी आकडा दाखवू लागला, तर गाडी धूर न काढताच मरगळते. उलट टर्बोनंतरचा पाइप फुटला तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडतं आणि मागे काळा धूर येतो.

स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड आला, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी पडतंय, की टर्बो बदलायचा सल्ला लगेच मिळतो. कोड फक्त लक्षण सांगतो. कारण सापडतं लाइव्ह डेटामध्ये, तेही गाडी लोडवर असताना. उभ्या गाडीत रेस देऊन पाहिलेल्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि ३५००पर्यंत न्यायचं. स्कॅनर शेजारच्या माणसाकडे. रेकॉर्ड करायच्या गोष्टी अशा: मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), एमएएफ, आणि टर्बो ॲक्च्युएटरला (टर्बोचं बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जाणारा सिग्नल.

निघण्याआधी एक फुकटची तपासणी करून घ्यावी. इग्निशन ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, १००० मीटर उंचीवर ९०च्या जवळपास. डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) डिफरन्शियल प्रेशर सेन्सरने, म्हणजे फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरने, शून्य दाखवायला हवं. इथेच आकडा चुकत असेल तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. पुढे जायची गरज नाही.

एमएएफचा आकडा बरोबर आहे का, हे कागदावर ताडता येतं. २.२ लिटर, चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचा वाटा ५५० सीसी. दाब २२० किलोपास्कल आणि आत जाणारी हवा ५० अंशांवर असेल तर तिची घनता लिटरला सुमारे २.४ ग्रॅम. सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरलं तर एका स्ट्रोकला अंदाजे ११०० मिलिग्रॅम हवा जायला हवी. बूस्ट पूर्ण मिळत असूनही एमएएफ ७००वरच अडकला असेल, तर संशयित समोर आहे.

आता रेकॉर्ड वाचायचं. रेल प्रेशर मागणीबरोबर चढतंय पण बूस्ट मागे राहतंय, तर हवेची बाजू बघा. इंटरकूलरचे (टर्बोनंतर हवा थंड करणाऱ्या भागाचे) रबर होज आधी तपासावेत. त्यांची चीर बऱ्याचदा खालच्या अंगाला असते आणि दाब आला तरच उघडते. तिथे तेलकट काळा थर दिसतो. टर्बोच्या तोंडाला टोपण बसवून १ बारच्या आतच हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं.

होज चांगले निघाले तर व्हॅक्यूम. अनेक व्हेरिएबल टर्बोंमध्ये (आतली पाती हलवून बूस्ट बदलणाऱ्या) इंजिन चालू होताच ॲक्च्युएटरचा रॉड आत खेचला जातो, बंद केल्यावर परत येतो. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघावं: रॉड अडखळत सरकला तर आतल्या पात्यांवर काजळी बसली आहे, आणि पंपाची सुई हळूहळू खाली आली तर डायफ्रॅम गळतोय. पाती चिकटल्याची खूण रेकॉर्डमध्येही दिसते: बूस्ट मागणीच्या वर उसळतं आणि पुढच्याच क्षणी ताकद तुटते. कायम कमी वेगात फिरणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं, आणि नुसत्या सफाईनेही बऱ्याचदा भागतं.

बूस्ट ठीक पण रेल प्रेशर मागितलं १५००, मिळालं ९०० बार, तर इंधनाची बाजू. आधी डिझेल फिल्टर. पाच-दहा मिनिटं थांबल्यावर गाडी सुधारत असेल तर टाकीतल्या जाळीवर कचरा ओढला जातोय आणि थांबल्यावर खाली बसतोय. पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळी बसवली की एअर येतेय का ते बुडबुड्यांवरून कळतं. सगळ्या इंजेक्टरचं रिटर्न (परत जाणारं डिझेल) सारख्या बाटल्यांत घेऊन बघा; एकाचं इतरांच्या कितीतरी पट भरलं तर तोच दोषी. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट मात्र कधीही सैल करू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

बूस्ट आणि रेल दोन्ही नीट असतील तर ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का आणि डीपीएफ तुंबलाय का, हे बघायचं. डीपीएफ नुसता जाळून साफ केला आणि काजळी का होतेय ते शोधलंच नाही, तर तो पुन्हा तुंबणार.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच टर्बोकडे वळायचं. हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवा थोडासा खेळ तेलाच्या थरासाठी ठेवलेलाच असतो. पुढे-मागे खेळ हाताला जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला. नवा बसवताना तेलाचा फीड पाइपही बदला. जुन्यात कार्बन साठला असेल तर नव्या टर्बोलाही तेल कमी पडतं.