मिसिंग मारते, पण नेमकी कधी?

मामांची जुनी चार सिलिंडरची गाडी स्वारगेटच्या सिग्नलला उभी राहिली की हीव भरल्यासारखी थरथरायची. रस्त्याला लागली की मात्र लोण्यासारखी. गॅरेजवाल्याने दोनदा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलला, त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकले, "कचरा होता" म्हणाला. चार दिवसांत पुन्हा तेच.

पद्मिनी, अँबॅसेडर, सुरुवातीच्या मारुती ८०० अशा गाड्यांना लॅपटॉप जोडून काही कळत नाही. त्यांना एकच विचारायचं : मिसिंग कधी मारतेस, म्हणजे सिलिंडर पेटायचा कधी चुकतो?

आधी ठेका ऐकावा. स्लोला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ते मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा पेटतो. एक मेला असेल तर सेकंदाला सहा-सात ठोके गळतात, तेही ठरलेल्या जागी. सायलेन्सरमागे धरलेल्या तळहातालाही ते कळतं. मग प्लगच्या वायरी एकेक काढून बघतात. जी काढूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर गेलेला. (उघड्या हाताने हा उद्योग नको, तिथे हजारो व्होल्ट असतात.)

मामांच्या गाडीला असा ठेका नव्हता, नुसती बेताल थरथर. मी चोक अर्धा ओढला, आणि ती थांबली! चोकने मिश्रणात पेट्रोल वाढतं. ते वाढल्यावर गाडी सुधारली, म्हणजे आधी हवा जास्त होत होती. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. त्याहून फार जास्त झाली की मिश्रण कधी पेटतं, कधी नाही.

ही जास्तीची हवा येते कुठून? स्लोला थ्रॉटल (हवेच्या वाटेतला पडदा) जवळजवळ बंद असतो, पिस्टन मात्र ओढतच राहतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत, जोरदार ओढ तयार होते आणि केसाएवढ्या फटीतूनही हवा घुसते. सरळ मार्गाने येणारी हवा तेव्हा थोडीच असल्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, ओढ घटते, हवेचा लोंढा येतो. त्यात चोरटीला कोण विचारतं? स्लोचा जेट तुंबला तरी लक्षण असंच दिसतं, पण तो तर दोनदा साफ झाला होता.

मग कार्बोरेटरच्या बुडाशी ऑइलकॅनने चार थेंब सोडले. इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चाललं, तेल आत ओढलं गेलं, पुन्हा थरथर. तेलाने क्षणभर फट बुजली होती; तिथल्या सांध्यातलं पॅकिंग चिरलं होतं. दोन्ही वेळा कार्बोरेटर उतरवून तेच जुनं पॅकिंग परत बसवलेलं!

उलट, स्लोला शांत आणि कात्रजच्या चढाला धक्के, असं असेल तर आधी ठिणगीवर संशय घ्यावा. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. वायर फुटकी असेल तर वीज सोपी वाट शोधते. पावसाळ्यात रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, वायरींवर निळे धागे नाचताना दिसतात.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने आणखी भर घातली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने या पेट्रोलला हवा कमी पुरते, साधारण १३.५ भाग. जुन्या जेटला ते कुठून कळणार? तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, म्हणजे हवा पुन्हा जास्तच.

नवं पॅकिंग नाना पेठेत मिळालं. चिरलेलं मामांनी डिकीतल्या डब्यात जपून ठेवलंय. "अडीनडीला असावं."