पार्श्वभूमी : शाळेतला थेरपिस्ट आणि नियमावलीतलं एक वाक्य

खोली शाळेची, पगार बाहेरच्या सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्राचा. अमेरिकेत शाळांमध्ये काम करणाऱ्या कितीतरी थेरपिस्टांची व्यवस्था अशी असते. शाळेचा समुपदेशक वेगळा, हा वेगळा. याच्याकडे पाठवल्या जाणाऱ्या मुलांपैकी काहींच्या बाबतीत उपचारांआधी एका वादातच आठवडे जातात : या मुलाला खरोखर काही होतंय, की हे नुसतंच वाह्यात आहे? हा वाद मुलांनी आणलेला नाही. तो विशेष शिक्षणाच्या नियमावलीच्या कागदावरून आलाय, आणि त्या कागदाचा इतिहास फार बोचरा आहे.

या कामाची सुरुवातच मुळी ‘वाया गेलेल्या’ मुलांपासून झाली. शिकागोत 1899 मध्ये बाल न्यायालय सुरू झालं. तीच ती मुलं पुन्हा पुन्हा पकडून आणली जाताना दिसू लागली, तेव्हा त्यामागची कारणं शोधण्यासाठी 1909 मध्ये न्यायालयाच्या जोडीला एक संस्था उभी राहिली. त्याच सुमारास, 1906-07 मध्ये, न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड इथे ‘व्हिजिटिंग टीचर’ नेमल्या गेल्या. मूल शाळा का बुडवतं, मारामाऱ्या का करतं, हे त्या घरी जाऊन पाहत. पुढे 1920च्या दशकात एका खाजगी निधीतून हे काम देशभर पसरलं. त्या कार्यक्रमाच्या नावातच बालगुन्हेगारी रोखण्याचा उल्लेख होता.

‘मॅलॲडजस्टेड’ हा शब्द याच वर्तुळात रुळला, आणि तेव्हा तो मायेने वापरला जाई. मूल वाईट नाही, वेडंही नाही; त्याचं आणि त्याच्या परिस्थितीचं जुळत नाही, म्हणजे जुळवून देता येईल, असा त्याचा भाव होता. इंग्लंडने तर 1945च्या नियमांत विशेष शिक्षणाच्या हक्कदारांमध्ये ‘मॅलॲडजस्टेड’ विद्यार्थ्यांचा वेगळा वर्गच केला. भावनिक अस्थिरता दिसते, पुन्हा जुळवून घ्यायला मदत लागते, ती ही मुलं. तिथे हा शब्द मदतीचा दरवाजा उघडत होता.

अमेरिकेत 1963च्या कायद्याने सामुदायिक केंद्रं आली. ठरवली होती त्यांतली निम्मीच उभी राहिली, आणि मुलांसाठीच्या सेवा त्यांच्यावर बंधनकारक व्हायला 1975 उजाडलं. त्याच वर्षी अपंग मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या 1977च्या नियमावलीत ‘गंभीर भावनिक विकार’ या गटाची व्याख्या आली. कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या शालेय अभ्यासातून तिचे पाच निकष घेतले होते : दुसऱ्या कारणाने उलगडा न होणारी शिकण्यातली अडचण, सोबती-शिक्षकांशी नातं न जमणं, साध्या प्रसंगातही न शोभणारं वागणं किंवा भावना, सततची उदासी, आणि शाळेतल्या वा घरच्या अडचणींपायी उद्भवणारी शारीरिक दुखणी किंवा भीती. यातलं एक जरी दीर्घकाळ आणि ठळकपणे दिसत असेल, आणि शिक्षणावर परिणाम होत असेल, तर मूल विशेष शिक्षणाला पात्र.

इथपर्यंत ठीक होतं. त्यानंतर एक वाक्य जोडलं गेलं. त्याचा आशय असा : सामाजिकदृष्ट्या मॅलॲडजस्टेड मुलांना ही व्याख्या लागू नाही, मात्र त्यांना गंभीर भावनिक विकार असल्याचं ठरलं, तर लागू. म्हणजे पात्र असेल तर पात्र. आणि ‘सामाजिकदृष्ट्या मॅलॲडजस्टेड’ म्हणजे कोण, हे नियमावलीत कुठेही सांगितलेलं नाही. ज्या संशोधकाच्या अभ्यासातून निकष उचलले, त्यानेच पुढे या वाक्याला उघड विरोध केला. नाती न जमणारं, भलतंच वागणारं मूल निकषांत आधीच बसतं, मग त्याला बाहेर कोणत्या तर्काने काढणार? 1990च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक संघटनांनी नवी संज्ञा आणि नवी व्याख्या मांडली. खर्च वाढेल म्हणून शाळा मंडळांच्या बाजूने विरोध झाला आणि ती बारगळली. 1997 मध्ये ‘गंभीर’ हा शब्द गेला, वाक्य राहिलं.

वाद शब्दाचा असला तरी किंमत मूल मोजतं. पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला सलग 10 दिवसांहून अधिक काळ शाळेबाहेर काढायचं, तर ते वागणं त्याच्या विकारातून आलं का, हे आधी तपासावं लागतं. ‘मॅलॲडजस्टेड’ म्हणून बाहेर ठेवलेल्याला सहसा हे कवच मिळत नाही. ज्यांना शाळेतून काढून टाकण्याचा धोका सर्वांत जास्त, त्यांनाच संरक्षण नाही. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

मूल पात्र आहे का, हे ठरवणाऱ्या शाळेतल्या बैठकीत प्रश्न येतो : तो मुद्दाम करतो का? आठवीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. पाठ भिंतीला, नजर दाराकडे, बाह्या ओढून मुठी झाकलेल्या. शिक्षक ओरडले की हसतो. फॉर्मवर लिहिलं जातं ‘पश्चात्ताप नाही’. पण भेदरलेलं मूलही असंच हसतं. ते हसू नेमकं कसलं, हे कळायला त्याच्याजवळ कितीतरी तास बसावं लागतं, आणि बैठक तर तासाभरात आटोपते.

अलीकडची घडामोड पैशांची आहे. 1988च्या कायद्याने विशेष शिक्षणाच्या आराखड्यातल्या उपचारांचा खर्च मेडिकेड या कमी उत्पन्न गटासाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून घेण्याची वाट मोकळी केली. 2022 मध्ये शाळांतलं मानसिक आरोग्याचं मनुष्यबळ वाढवायला 100 कोटी डॉलर मंजूर झाले, आणि 2025च्या एप्रिलमध्ये त्यातली बरीचशी अनुदानं थांबवण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात केंद्राचा माणूस शाळेत बसवण्याची पद्धत चांगलीच रुजली होती. त्यामुळे जुना पेच आता एकाच खोलीत दिसतो. केंद्राला उपचारांचं बिल लावायला निदान लागतं. ‘कंडक्ट डिसऑर्डर’, म्हणजे सतत नियम मोडणारं, इतरांना त्रास देणारं वागणं, हे 1980 पासून अमेरिकी मानसोपचारांच्या निदान-पुस्तिकेतलं रीतसर निदान आहे. त्यावर थेरपिस्ट उपचार सुरू करतो. पण बऱ्याच शाळा याच निदानाला मॅलॲडजस्टेड असल्याचा पुरावा मानतात. एकाच मुलाच्या दोन फाइली होतात : केंद्राच्या फाइलीत तो रुग्ण, शाळेच्या फाइलीत अपात्र. आणि मंगळवारी दुसऱ्या तासाला तो दार ढकलून आत येतो, तेव्हा दोन्ही फाइली थेरपिस्टच्या टेबलावरच असतात.