डीपीआय वेगळा, सेन्सिटिव्हिटी वेगळी

डोंबिवलीला बहिणीकडे गेले होते. चपला काढतेय तोवर भाच्याने गाठलं. "मावशी, माउस खराब झालाय. नेम लागतच नाही. तू बघ ना जरा."

व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम सुरूच होता. मी माउसवर हात ठेवून जेमतेम दोन बोटं सरकवला, तर पडद्यावरचं सगळं गर्रकन फिरून पुन्हा होतं तिथे आलं. क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेली नेमाची फुली, समोरच्या खांबावर ठेवायचा म्हटलं तर कधी डावीकडे निसटायचा, कधी उजवीकडे. माउसवर हात नुसता टेकवला तरी क्रॉसहेअर थरथरत होता. पण माउस धडधाकट होता. झालं होतं असं की भाच्याने एका व्यावसायिक खेळाडूच्या व्हिडिओतून सेन्सिटिव्हिटी 0.4 उतरवून घेतली होती. त्या आकड्याशेजारीच 800 डीपीआय लिहिलं होतं, ते सोडून दिलं. त्याच्या स्वतःच्या माउसवर चाकामागचं बटण दाबत दाबत डीपीआय 6400 वर गेलेला. जास्त डीपीआय म्हणजे जास्त अचूक माउस, असं त्याला दुकानात सांगितलं होतं.

हा घोटाळा फार मुलांचा होतो आणि त्यापायी चांगले माउस बदलले जातात. म्हणून हे दोन आकडे नीट वेगळे करून सांगते.

डीपीआय ही माउसच्या पोटातली गोष्ट. माउसच्या तळाशी एक बारीक दिवा आणि कॅमेऱ्यासारखा सेन्सर असतो. तो पॅडच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी ताडून पाहतो आणि आपण किती सरकलो ते ठरवतो. हे अंतर तो संगणकाला खुणांमध्ये कळवतो. 800 डीपीआय म्हणजे माउस एक इंच, म्हणजे 2.54 सेंटिमीटर, सरकला की 800 खुणा जातात. 1600 केला तर तेवढ्याच अंतराला 1600. डीपीआयमधला 'डॉट' हा शब्द खरं तर फसवा आहे, कारण पडद्यावरच्या ठिपक्यांची माउसला काहीच खबर नसते. काही कंपन्या म्हणूनच सीपीआय, म्हणजे काउंट्स पर इंच, असं लिहितात. गोष्ट तीच.

सेन्सिटिव्हिटी माउसमध्ये नसतेच. ती गेममध्ये असते. माउसकडून एक खूण आली की गेममधल्या खेळाडूने किती अंश वळायचं, एवढंच ती ठरवते. काउंटर-स्ट्राइक 2 या दुसऱ्या नेमबाजीच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी 1 असेल तर एका खुणेला 0.022 अंश. व्हॅलोरंटमध्ये 1 असेल तर 0.07 अंश. एका गेममधला आकडा दुसऱ्या गेममध्ये तसाच टाकला की हात बिघडतो, तो यामुळे. काउंटर-स्ट्राइकचा आकडा व्हॅलोरंटमध्ये न्यायचा असेल तर 3.18 ने भागायचं.

भाजीवाल्याकडे वजन आणि भाव असतात, तसं हे आहे. अर्धा किलो 80 च्या भावाने घ्या की एक किलो 40 च्या भावाने, द्यायचे 40 रुपयेच. नुसता भाव ऐकून बिल किती होईल ते कळत नाही, आणि नुसत्या सेन्सिटिव्हिटीवरून हात सरकवल्यावर खेळाडू किती वळेल ते कळत नाही. डीपीआय गुणिले सेन्सिटिव्हिटी असा गुणाकार करावा लागतो. खेळणारी मुलं त्याला ई-डीपीआय म्हणतात.

भाच्याचं बिल काढून बघू. सेन्सिटिव्हिटी 0.4, म्हणजे एका खुणेला 0.028 अंश. पूर्ण 360 अंश फिरायला साधारण 12,857 खुणा लागतात. 6400 डीपीआयवर एवढ्या खुणा दोन इंचांत येतात, म्हणजे पाच सेंटिमीटरमध्ये अख्खी फेरी. आगपेटीएवढ्या जागेत चौफेर बघायचं आणि त्यातच लांबच्या माणसाच्या डोक्यावर नेम धरायचा, हे कुणाच्याही मनगटाला झेपणारं नाही. व्हिडिओतला खेळाडू त्याच 0.4 वर खेळतो, पण 800 डीपीआयने. त्याला एका फेरीला 16 इंच, म्हणजे जवळजवळ 41 सेंटिमीटर हात फिरवावा लागतो. मी बटण दाबून डीपीआय 800 वर आणला, बाकी कशालाही हात लावला नाही. पोराने दोन मिनिटं सरावाच्या मैदानात गोळ्या झाडल्या आणि म्हणाला, "हा तर वेगळाच माउस वाटतोय."

आता प्रश्न येतो की गुणाकार सारखाच असेल तर 400 गुणिले 2, 800 गुणिले 1 आणि 1600 गुणिले 0.5 यांत फरक काय? काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये तिन्हींत पूर्ण फेरीला सारखेच 52 सेंटिमीटर लागतात. फरक खुणेच्या बारीकपणात आहे. पहिल्या जोडीत एक खूण 0.044 अंशाची, शेवटच्या जोडीत 0.011 अंशाची. 1920 ठिपक्यांच्या रुंद पडद्यावर त्या गेममध्ये मधोमध एक ठिपका साधारण 0.08 अंशाचा असतो. म्हणजे तिन्ही जोड्यांत एका ठिपक्याच्या आत एकाहून जास्त खुणा बसतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. हेच 400 डीपीआय ठेवून सेन्सिटिव्हिटी 8 केली तर एक खूण 0.176 अंशाची होते. क्रॉसहेअर दोन-दोन ठिपके ओलांडत उड्या मारतो आणि मधल्या ठिपक्यावर तो थांबूच शकत नाही. डीपीआय फार कमी आणि सेन्सिटिव्हिटी फार जास्त, ही जोडी खरोखर वाईट.

उलटी जोडी, म्हणजे डीपीआय खूप आणि सेन्सिटिव्हिटी अगदी कमी, कागदावर चालते. पण रोजच्या वापरात त्रास देते. 6400 डीपीआयवर बाण आठ मिलिमीटरच्या आत 1920 ठिपक्यांचा अख्खा पडदा ओलांडतो, मग साधी फाइल उघडायची तरी बाण धरून ठेवावा लागतो. शिवाय स्वस्त माउसमध्ये वरचे आकडे बऱ्याचदा खऱ्या मोजणीचे नसतात. सेन्सरने मोजलेल्या खुणांच्या मध्ये अंदाजाने खुणा भरून आकडा फुगवलेला असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला डीपीआय पाहून माउस घेऊ नये, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलात तर काउंटरवर दोनच गोष्टी विचारा: यात सेन्सर कोणता आहे, आणि 400, 800, 1600 हे टप्पे मिळतात का? व्यावसायिक खेळाडू बहुतेक याच तीन आकड्यांत खेळतात. त्यापुढचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत, त्यासाठी पैसे मोजू नका.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, पोलिंग रेट. त्याचा या दोघांशी संबंध नाही. माउस संगणकाला सेकंदाला किती वेळा निरोप देतो, तो हा आकडा. 125 असेल तर दर 8 मिलिसेकंदांनी, 1000 असेल तर दर मिलिसेकंदाला. 1000 मिळत असेल तर घ्या. 8000 च्या मागे लागण्याची गरज नाही.

विंडोजमध्ये मात्र एक जागा तपासायलाच हवी. माउसच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची चौकट असते. नाव छान आहे, पण ती चालू असेल तर माउस जोरात सरकवल्यावर बाण जास्त जातो आणि हळू सरकवल्यावर कमी. हाताला अंतराची सवय लागतच नाही. त्या चौकटीतली टिक काढून टाका आणि वेगाची पट्टी अकरापैकी सहाव्या घरावर ठेवा, म्हणजे एका खुणेला पडद्यावर एक ठिपका असा सरळ हिशोब राहतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक माउसच्या खुणा थेट घेतात, त्यांना या पट्टीने फरक पडत नाही. पण डोटा 2 किंवा एज ऑफ एम्पायर्ससारख्या गेममध्ये वळायचं नसतं, बाण पडद्यावर इकडून तिकडे न्यायचा असतो. तिथे 1600 सारखा थोडा जास्त डीपीआय हाताला सोपा जातो. नेमबाजीच्या गेमचे नियम तिथे लावू नयेत.

आता कीबोर्ड. माउसच्या गोष्टीत कीबोर्ड कुठून आला असं वाटेल, पण आमच्याकडे खरी अडचण तिथेच निघाली.

बहिणीच्या घरी कॉम्प्युटर टेबल नेहमीचंच, खाली सरकता ट्रे असलेलं. ट्रे आतून 60 सेंटिमीटर रुंद. त्यावर नंपॅडवाला, म्हणजे उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असलेला, पूर्ण 104 बटणांचा कीबोर्ड, जवळजवळ 44 सेंटिमीटरचा. उरले 16. त्यातून माउसची स्वतःची रुंदी साडेसहा वजा केली तर सरकायला साडेनऊ सेंटिमीटर. 800 डीपीआय आणि 0.4 वर काटकोनात वळायलाच दहा सेंटिमीटर लागतात, म्हणजे वळण पुरं व्हायच्या आत माउस ट्रेच्या कडेला आपटणार. भाच्याने पूर्वी डीपीआय वाढवत नेला होता, त्यामागे नकळत हीच कोंडी होती. जागा नाही म्हणून हात आखडायचा, आणि हात आखडला म्हणून आकडा वाढवायचा.

नेमबाजीच्या गेममध्ये डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी आणि आसपासची बटणं सोडून कुठे जात नाही. उजवीकडचा नंपॅड तेवढा वेळ नुसता पडून असतो, आणि पडून असतो तो नेमका माउसच्या जागेत. नंपॅड नसलेला 87 बटणांचा कीबोर्ड साधारण 36 सेंटिमीटरचा येतो, त्याहून लहान 61 बटणांचा 30 च्या आत. पण लहानात बाणांची बटणं आणि वरची एफ-रांग जाते. शाळेचे प्रकल्प, टायपिंग हे सगळं त्याच संगणकावर असेल तर 87 चाच घ्यावा. माझं मत स्पष्ट आहे: जागा कमी असेल तर आधी कीबोर्डची रुंदी बघा. मेकॅनिकल की मेंब्रेन, लाल स्विच की निळा, हा बटणांच्या प्रकाराचा विचार त्यानंतर. रुंदी बसली की डब्ल्यू, शिफ्ट आणि स्पेस एकदम दाबून चौथं बटणही उमटतंय का, एवढं दुकानातच करून बघा. काही कीबोर्डमध्ये ठरावीक बटणं एकत्र दाबली की एखादं गिळलं जातं, आणि ते घरी आणल्यावर कळून उपयोग नसतो.

आम्ही 87 बटणांचा आणला. माउसला सरकायला साडेसतरा सेंटिमीटर मिळाले. मग सेन्सिटिव्हिटी जागेला जुळवून 0.5 केली. आता पूर्ण फेरीला 33 सेंटिमीटरच्या आसपास लागतात, आणि पाठीमागे वळायला त्याच्या निम्मे, सव्वासोळा. ट्रेच्या आत बसतात.

हे सगळं मोजायला शाळेतली 30 सेंटिमीटरची फूटपट्टी पुरते. गेममधल्या सरावाच्या मैदानात क्रॉसहेअर एखाद्या भिंतीच्या कडेवर ठेवायचा. पट्टी पॅडवर आडवी ठेवून माउसची डावी कड शून्याशी लावायची आणि एका दिशेने सरकवत राहायचं. क्रॉसहेअर फिरून त्याच कडेवर आला की पट्टीवरचा आकडा वाचायचा. जागा संपली तर माउस उचलून पुन्हा शून्यावर आणायचा आणि अंतरं जोडायची. माउसचा डीपीआयच ठाऊक नसेल, म्हणजे बटण दाबल्यावर नुसते दिव्यांचे रंग बदलत असतील, तर विंडोजच्या त्या चौकटीतली टिक काढून आणि वेगाची पट्टी सहाव्या घरावर ठेवून पेंट उघडा. खालच्या कोपऱ्यात बाणाची जागा ठिपक्यांत दिसते. माउस फूटपट्टीवर एक इंच सरकवला आणि आकडा साधारण 800 ने वाढला, तर डीपीआय 800.

मिळालेलं सेंटिमीटरचं माप वहीत लिहून ठेवा. सेन्सिटिव्हिटी बदलायची तर एका वेळी थोडीच, आणि बदलली की निदान दोन आठवडे तशीच राहू द्या. रोज आकडा बदलणाऱ्या मुलांचा हात कधीच बसत नाही, हे मी घरात पाहिलंय. डीपीआयचं बटण खेळताना चुकून दाबलं जात असेल आणि माउसच्या सॉफ्टवेअरमधून ते बंद करता येत असेल, तर बंदच करा.

माउस बदलला तर हे माप पुन्हा घ्यावं लागतं. दोन माउसवर 800 लिहिलेलं असलं तरी दोघांच्या खुणा तंतोतंत सारख्या नसतात, सेन्सरगणिक थोडं इकडेतिकडे होतं. नव्या माउसवर पूर्ण फेरी 33 ऐवजी 31 सेंटिमीटरलाच झाली, तर 0.5 ला 31 ने गुणून 33 ने भागायचं आणि सेन्सिटिव्हिटी 0.47 ठेवायची.