एचआयव्ही: गोळी मिळाली, सातत्याचे काय?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे हे निदान म्हणजे बहुतेकांना मरणाचीच सूचना वाटे, कारण पुढे परिणामकारक औषधे निघाली तरी ती कष्टकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. भारतीय कंपन्यांनी ती स्वस्तात बनवली, एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधे, मोफत द्यायला सुरुवात केली, आणि २०१७ पासून रक्तातल्या सीडी-४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) कितीही असोत, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तिन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात. सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरात आता प्रश्न आहे तो ती गोळी रोज, न चुकता पोटात जाण्याचा.

एचआयव्ही सीडी-४ पेशींत शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या जनुकसंचातच गुंफतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात आणि त्यांच्यापुढे औषधाचे काही चालत नाही. म्हणून विषाणू दबतो, समूळ जात नाही. शिवाय आरएनएची ही नक्कल करणारे विषाणूचे विकर (एन्झाइम) फार चुका करते, त्यामुळे बदललेले विषाणू तयार होत राहतात. रक्तात औषध पुरेसे असेल तर नक्कलच थांबते. गोळ्यांत वारंवार खंड पडला, तर अपुऱ्या औषधातही तग धरणारे बदललेले विषाणू वाढतात आणि तेच औषध पुढे निकामी ठरू शकते. याउलट, विषाणू चाचणीत सापडू नये इतका दबलेला राहिला तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गर्भवतीने वेळेत उपचार घेतले, तर बाळाला संसर्ग होण्याचा एरवी १५ ते ४५ टक्के असणारा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो. इतकी दिलासा देणारी गोष्ट अजून कितीतरी घरांत पोचलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खंड पडतो तो बेफिकिरीनेच, असे मानणे अन्यायाचे आहे. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. सिव्हिलच्या रांगेत अर्धा दिवस गेला की तेवढी मजुरी बुडाली. पुणे-हैदराबाद महामार्गावरचा ट्रकचालक गोळ्या संपतात तेव्हा दुसऱ्याच राज्यात असतो. आणि सर्वांत जड असते ती लपवाछपवी: बाटलीवरचे लेबल खरवडून काढायचे, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस भरायचा, सासूबाई झोपल्यावरच पाण्याचा तांब्या उचलायचा. पाहुणे मुक्कामाला आले की त्या रात्रीची गोळी राहून जाते.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयतेचा आणि भेदभावापासून संरक्षणाचा हक्क दिला आहे. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोयही राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत आधी फिरत्या कामगारांपर्यंत जायला हवी. ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याच्या हाती टोळी हलण्यापूर्वीच हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या आणि कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रासाठी चिठ्ठी पडली, तर मुकादमाकडे रजा मागून त्याला कारण सांगण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.